चित्रओळीचा अधिकार : श्रमिक वसाहत, पुनर्विकास आणि छायाचित्राची साक्ष

१

छायाचित्र म्हणजे पुरावा, हा समज छायाचित्रणाच्या जन्मापासून त्याच्या सोबत चालत आला आहे. एखादी इमारत पाडली गेली, तिच्या जागी दुसरी उभी राहिली आणि पहिलीचे छायाचित्र हाती उरले, की जुने ते जतन झाले असे मानण्याचा प्रघात आहे. मुंबई, ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात गेल्या तीन दशकांत श्रमिकांच्या वसाहतींचा झपाट्याने पुनर्विकास झाला. त्याबरोबर त्या वसाहतींच्या दृश्य-दस्तऐवजीकरणाकडे आणि तेथील रहिवाशांच्या आठवणी नोंदवण्याकडेही अभ्यासकांचा, कलावंतांचा व स्थानिक संस्थांचा ओढा वाढला. या सामग्रीचा विचार आतापर्यंत प्रामुख्याने समाजशास्त्र आणि नगररचनाशास्त्र यांनी केला. साहित्यसमीक्षेने तिच्याकडे पाहण्याचे कारण मात्र वेगळे आहे. छायाचित्र आणि त्याखालची ओळ, आठवण आणि तिचे लिखित रूप, साक्षीदार आणि संपादक यांचे परस्परसंबंध हा मुळात संहितेचा प्रश्न आहे. आणि संहितेत बोलतो कोण, हे विचारणे समीक्षेचे काम आहे.

छायाचित्र स्वतःहून साक्ष देत नाही. त्याला साक्ष द्यायला लावावे लागते, आणि ते काम चित्राखालची ओळ करते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ती ओळ कोण लिहितो, कोणत्या भाषेत लिहितो आणि कोणाला उद्देशून लिहितो, यावर एखादे दस्तऐवजीकरण रहिवाशांच्या बाजूचे ठरते, की पाडकामाच्या आधीचा एक उपचार ठरते, हे अवलंबून असते. वॉल्टर बेंजामिन यांनी १९३१ मधील छायाचित्रणाच्या इतिहासावरील आपल्या निबंधात, चित्रओळ हा पुढील काळात छायाचित्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग ठरेल काय, असा प्रश्न उपस्थित केला होता. युजेन आत्जे यांनी टिपलेल्या पॅरिसच्या निर्मनुष्य रस्त्यांचा उल्लेख करून, ती चित्रे गुन्ह्याच्या जागेसारखी भासतात, या निरीक्षणाकडेही त्यांनी लक्ष वेधले होते. ठाण्यातील वर्तकनगरसारख्या वसाहतीच्या संदर्भात या दोन्ही विधानांना एक नवा आणि अधिक नेमका अर्थ प्राप्त होतो.

२

पाडकामाच्या छायाचित्रणाचा इतिहास पाहिला तर एक अस्वस्थ करणारी गोष्ट नजरेस येते : श्रमिकांच्या वस्तीत कॅमेरा अनेकदा पाडणाऱ्याच्या बरोबरच आला आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १८६६ मध्ये नगरसुधारणेचा कायदा झाला आणि दाट वस्तीच्या जुन्या गल्ल्या पाडण्याचे ठरले. त्या गल्ल्यांची छायाचित्रे टॉमस अॅनन यांनी १८६८ ते १८७१ या काळात काढली, ती नगरसुधारणा मंडळाच्या सांगण्यावरून. पॅरिसमध्ये बॅरन हौसमान यांच्या पुनर्रचनेत नाहीशा होणाऱ्या रस्त्यांची चित्रे शार्ल मार्व्हिल यांनी नगरप्रशासनासाठी घेतली. दोघांच्याही चित्रांना आज कलाकृतीचा दर्जा आहे. परंतु त्यांची मूळ चित्रओळ प्रशासनाची होती आणि तिचा मथितार्थ इतकाच होता, की येथे काय होते ते पाहा, आणि ते पाडणे का आवश्यक होते हे समजून घ्या.

मुंबईचा अनुभव याहून फारसा निराळा नाही. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला. त्या साथीच्या काळातील छायाचित्रसंग्रहांत घरांची झडती घेणारी पथके आणि कौले काढून उघडी केलेली घरे दिसतात. वस्तीस अयोग्य ठरवलेल्या घरांच्या भिंतींवर तशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे रंगवली जात. १८९८ मध्ये मुंबईत नगरसुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले आणि दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्याचे पर्व सुरू झाले. भिंतीवरची ती अक्षरे हीच एका अर्थाने मुंबई परिसरातील श्रमिक घराची पहिली चित्रओळ होय. ती घरात राहणाऱ्याने लिहिली नव्हती, आणि बहुधा त्याला ती वाचताही येत नव्हती.

ही परंपरा खंडित झालेली नाही. आज महानगरपालिका इमारतींची वर्गवारी करतात : अतिधोकादायक म्हणजे सी-१, रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी ती सी-२ए, रहिवाशांसह दुरुस्त करता येईल अशी सी-२बी, आणि किरकोळ दुरुस्तीची सी-३. या वर्गवारीची निकड नाकारता येणार नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्यानजीक शीळ येथील लकी कंपाउंडमधील अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे मृत्युमुखी पडली. अशा घटनांनंतर भिंतीवरच्या सूचनेला केवळ दमनाचे चिन्ह मानणे हा अभ्यासकाचा ऐषआराम ठरेल. मुद्दा इतकाच, की त्या सूचनेत आणि तिला जोडलेल्या संरचनात्मक तपासणीच्या छायाचित्रांत घराचे एकच वर्णन शक्य असते. तडा, गळती, उघडी पडलेली सळई एवढीच तेथील शब्दसंपदा. घराचा वापर, त्यातील माणसांची व्यवस्था आणि एका खोलीत तीन पिढ्यांनी बसवलेले दिवसाचे वेळापत्रक यांना त्या भाषेत नाम नाही.

३

वर्तकनगर ठाणे स्थानकाच्या वायव्येस, पोखरण रस्त्याच्या परिसरात, येऊरच्या डोंगराकडे सरकत गेलेल्या शहराच्या कडेला वसले आहे. एका बाजूस जेकेग्राम आणि तेथील रेमंडची लोकरीच्या कापडाची गिरणी, दक्षिणेस वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत, असा तिचा औद्योगिक शेजार. गिरणीचा प्रारंभ १९२५ चा, तर महामंडळाची स्थापना १९६२ ची. औद्योगिक कामगारांसाठी शासनाने घरे बांधावीत हे धोरण केंद्र सरकारच्या १९५२ च्या साहाय्यित औद्योगिक गृहनिर्माण योजनेने देशपातळीवर रूढ झाले. मुंबई राज्यात १९४८ च्या कायद्यान्वये गृहनिर्माण मंडळ स्थापन झालेच होते. १९७६ च्या अधिनियमानुसार म्हाडा अस्तित्वात आली. वर्तकनगरची वसाहत या धोरणपरंपरेतील आहे. लोकांच्या तोंडी ती ‘हौसिंग बोर्ड’ किंवा ‘बोर्डाची घरे’, आणि पत्ता सांगायचा तो इमारतीच्या क्रमांकाने.

या क्रमांकाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. गिरगाव-परळच्या चाळीला नाव असते. ते मालकाचे, देवाचे किंवा गावाचे असेल, पण असते. बोर्डाच्या इमारतीला क्रमांक असतो. नावाभोवती आख्यायिका जमतात, क्रमांकाभोवती नोंदवही. तथापि या क्रमांकांनाही रहिवाशांनी कालांतराने नावाचे गुण दिले. विशिष्ट क्रमांकाचा गणपती, विशिष्ट क्रमांकाचा क्रिकेटचा संघ, अमुक क्रमांकाच्या जिन्याखाली भरणारी अड्डा-सभा, असे अर्थ त्या अंकांत साठत गेले. पुनर्विकासात इमारतीच्या जागी मनोरा येतो आणि त्याला बहुधा इंग्रजी वळणाचे नाव मिळते. त्या वेळी हे साठलेले अर्थ कोठे जातात, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाचाही आहे.

अशा वसाहतीत अधिकृत कॅमेरा कोणकोणत्या प्रसंगी येतो, याची मोजदाद उद्बोधक आहे. ४ जानेवारी १९७६ रोजी महाराष्ट्रात झोपड्यांची गणना झाली आणि गणलेल्या कुटुंबांना फोटोपास देण्यात आले. बोर्डाच्या पक्क्या घरांना त्यांची गरज नव्हती. पण शेजारच्या कच्च्या वस्त्यांमधील कुटुंबांच्या लेखी ते छायाचित्र म्हणजे निवाऱ्याच्या हक्काचा कागदच झाले. या फोटोपासांनी आणि पुढे आलेल्या १ जानेवारी १९९५, १ जानेवारी २००० अशा पात्रता-तारखांनी छायाचित्राला मराठी श्रमिक जीवनात एक अगदी वेगळे स्थान दिले : आठवण म्हणून जपण्याआधी ते दाखवण्यासाठी जपले जाऊ लागले. दुसरा प्रसंग संरचनात्मक तपासणीचा. त्याचा उल्लेख वर आलाच. तिसरा प्रसंग संमतीचा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासंबंधी राज्य शासनाने ३ जानेवारी २००९ रोजी सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली निर्देश काढले. त्यांत विकासक निवडण्याच्या विशेष सर्वसाधारण सभेचे व्हिडिओ चित्रीकरण आवश्यक ठरवले गेले. संमतीचे प्रमाण तेव्हा ७५ टक्के होते. २०१९ च्या सुधारित निर्देशांत ते ५१ टक्क्यांवर आले.

अर्थात, पुनर्विकासाची प्रक्रिया कॅमेऱ्याला वर्ज्य मानत नाही, उलट ती त्याच्यावाचून चालत नाही. पात्रता, पडझड आणि संमती या तीन गोष्टींचे चित्रण नियमाने होते. या तिहींच्या मधला जो काळ, म्हणजे प्रत्यक्ष राहण्याचा तीस-चाळीस वर्षांचा काळ, त्याचे चित्रण करण्याचे कोणावर बंधन नाही. समूहस्मृतीच्या दस्तऐवजीकरणाचे क्षेत्र नेमके येथे सुरू होते. या प्रक्रियेला प्रतिपुरावा उभा करायचा, तर कॅमेरा आणखी एका कोनातून रोखून भागणार नाही. अधिकृत चित्रओळीत न मावणाऱ्या क्रियापदांना जागा करून द्यावी लागेल.

४

येथे एक अडचण उभी राहते आणि ती वाङ्मयीन आहे. मराठीत श्रमिक घराची जी प्रतिमा सिद्ध झाली आहे, ती चाळीची. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने (१९५८) चाळीला विनोदाचे आणि हुरहुरीचे एक संस्थान बनवले, पण ती चाळ कारकुनी मध्यमवर्गाची. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ने (१९६५) त्याच परिसरातील तरुणांची उघडीवाघडी भाषा आणून त्या संस्थानाला तडा दिला. जयवंत दळवी यांची ‘चक्र’ (१९६३) आणि मधु मंगेश कर्णिक यांची ‘माहीमची खाडी’ (१९६९) या कादंबऱ्यांनी झोपडपट्टी साहित्यात आणली. दया पवार यांच्या ‘बलुतं’मधील (१९७८) कावाखान्याने शहरातील घर आणि जात यांचा संबंध असा मांडला, की त्यानंतर चाळीविषयीचा कोणताही भाबडा गौरव संशयास्पद ठरावा. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ने (१९९७) १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतरची गिरणगावातील एक खोली रंगमंचावर उभी केली.

या समृद्ध परंपरेत बोर्डाच्या वसाहतीची प्रतिमा मात्र चाळीच्या तोलाने घडलेली दिसत नाही. वर्तकनगर गिरणगावही नाही आणि झोपडपट्टीही नाही. तेथील पहिली पिढी कारखान्यांतील कायम कामगारांची. भविष्य निर्वाह निधी, पाळ्या, बोनस, कंपनीची बस यांच्या आधाराने मध्यमवर्गाच्या उंबरठ्यावर पोचलेली. चाळीच्या सामाईक सज्जाऐवजी तिला जिना मिळाला, सामाईक संडासाऐवजी घराचे स्वतःचे दार मिळाले. या दाराचा अर्थ त्या पिढीला फार मोठा होता. दार बंद करता येणे ही तिच्या लेखी प्रगतीची खूण होती. पुनर्विकासाच्या सुमारास या वसाहतींच्या आठवणी गोळा केल्या जातात, तेव्हा मात्र त्या बऱ्याचदा चाळीच्या तयार शब्दांत सांगितल्या आणि लिहिल्या जातात : सगळ्यांची दारे सदैव उघडी असत, सारी वसाहत एक कुटुंब होती, सण सगळ्यांचे होते. हे सर्वस्वी असत्य असते असे नाही. पण बंद दाराचा जो अभिमान होता, तो या भाषेत बुडून जातो. साहित्याने घडवलेली एक प्रतिमा दुसऱ्या एका वास्तवावर चित्रओळ म्हणून चिकटवली जाते.

ही केवळ वर्णनातील चूक नाही, तिला व्यवहारी परिणाम आहेत. ‘चाळसंस्कृती’ हा शब्द एकदा स्मरणरंजनाच्या कक्षेत गेला, की तो कोणालाही वापरता येतो. गृहप्रकल्पाच्या जाहिरातीतही शेजारधर्म, अंगण, सणांचे सामूहिक उत्सव यांची आश्वासने असतात. संगणकावर रेखलेल्या त्या चित्रात हिरवळीवर चालणारी माणसे असतात, आणि ती त्या जागेत पूर्वी कधी राहिलेली नसतात. जुन्या वसाहतीचे हळवे छायाचित्र आणि नव्या प्रकल्पाचे कल्पनाचित्र एकमेकांना विरोध करत नाहीत. एक दुसऱ्याची प्रस्तावना बनते. हुरहूर वाटून घेतली की पाडकामाचा हिशेब मिटला, असे समाधान दोन्हीकडून मिळते. जी साक्ष पाडणाऱ्याच्या भिंतीवरही सुखाने टांगता येते, ती साक्ष म्हणून अपुरी आहे, अशी एक कसोटी येथे सुचवता येईल.

५

मग पुरेशी साक्ष कोठे मिळेल? जॉन बर्जर यांनी १९७८ मधील एका लेखात खाजगी आणि सार्वजनिक छायाचित्रांत भेद केला आहे. खाजगी छायाचित्र ज्या जीवनातून घेतले गेले त्याच्याशी त्याचे नाते अखंड राहते. सार्वजनिक छायाचित्र त्या नात्यातून तोडून आणलेले असते आणि म्हणून कोणत्याही उपयोगाला लावता येते. या भेदाच्या प्रकाशात पाहता श्रमिक वसाहतीचा सर्वांत मोठा दृश्यसंग्रह संशोधकाच्या कॅमेऱ्यात सापडणार नाही. तो रहिवाशांच्या पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, लग्नाच्या अल्बमात आहे.

या कौटुंबिक चित्रांत घर हा कधीच विषय नसतो. विषय असतो बारसे, वाढदिवस, नवा दूरदर्शन संच, नवी दुचाकी, दहावी पास झालेली मुलगी. घर असते ते मागे : भिंतीचा रंग, कंपनीचे कॅलेंडर, फळीवर उलट्या मांडलेल्या पितळी डब्यांची रांग, खिडकीला लावून घेतलेली जाळी, पडद्याने केलेली आतली खोली. इमारत उभी असेपर्यंत ही पार्श्वभूमी कोणी पाहत नाही. इमारत पडली की तीच पुढे येते. रोलाँ बार्थ यांनी छायाचित्राचे सार ‘हे होते’ या भूतकाळवाचक विधानात पाहिले. येथे त्या विधानाचा कर्ता बदलतो. जन्मदिवसाच्या चित्रातील मूल आज मोठे होऊन समोर बसलेले असते, त्याच्या मागची भिंत मात्र ‘होती’ झालेली असते. पुनर्विकास छायाचित्रात काहीही न बदलता त्यातील मुख्य आणि गौण यांचा क्रम उलटा करतो.

या उलटापालटीमुळे अल्बम हा वाचण्याजोगा दस्तऐवज बनतो. पण एकट्याने वाचण्याजोगा नव्हे. फळीवरचे डबे कोणत्या बोनसमधून आले, पडदा कोणत्या साली लागला आणि कोणाच्या लग्नामुळे, खिडकीची जाळी चोरीच्या भीतीने बसली की लहान मुलाच्या, हे चित्र सांगत नाही. ते सांगणारी व्यक्ती चित्रासमोर बसलेली असावी लागते. तिने सांगितलेले शब्द हीच त्या चित्राची खरी ओळ. अशी ओळ बहुधा एका वाक्याची नसते. ती विषयांतर करते, दुसऱ्या चित्राकडे जाते, मध्येच गप्प होते. संपादकाच्या दृष्टीने हे दोष आहेत. साक्षीच्या दृष्टीने तीच तिची रचना आहे. मोरिस हालब्वाक्स यांनी स्मृतीच्या सामाजिक चौकटींचा सिद्धांत १९२५ मध्ये मांडला. समूहाची स्मृती जागेला बिलगून राहते, या त्यांच्या विचाराचा मुंबई-ठाण्यातील पडताळा असा, की जागा गेल्यावर स्मृती चित्रातल्या वस्तूंना बिलगते. डबा, जाळी, कॅलेंडर हे आठवणीचे जिने होतात.

६

समूहस्मृतीवर टाकलेला हा विश्वास निरपवाद असू नये. ‘समूह’ हा शब्द आतील भेद झाकण्यास फार उपयोगी पडतो. बोर्डाचे घर ज्याच्या नावावर झाले तो सामान्यतः कारखान्यातील पुरुष कामगार होता. ताबापत्र त्याच्या नावे, भागभांडवलाचा दाखला त्याच्या नावे, सर्वसाधारण सभेतील मतही त्याचे. घरात दिवसाचे अधिक तास राहणाऱ्या स्त्रीचे नाव अनेकदा वारसनोंदीतच प्रथम येते. त्यामुळे घराच्या आठवणीही दोन असतात. एक वाटपाची, हप्त्यांची, संपाची, युनियनची, म्हणजे तारखांची. दुसरी पाण्याच्या वेळेची, गच्चीवरच्या वाळवणाची, एका खोलीत बाळंतीण आणि परीक्षेचा मुलगा यांना सामावून घेण्याची, म्हणजे वेळापत्रकाची. पहिलीला पुराव्याचे स्वरूप सहज येते. दुसरी छायाचित्राच्या पार्श्वभूमीप्रमाणे मागे राहते. तिला पुढे आणायचे तर प्रश्न विचारणाऱ्यालाही आपली प्रश्नावली बदलावी लागते.

याच न्यायाने पोटभाडेकरू, कॉटवर राहून गेलेला गाववाला, घरकामाला येणारी शेजारच्या वस्तीतील बाई यांची जागा कोणती? पात्रतेच्या यादीत त्यांना स्थान नसते, आणि अल्बममध्ये असले तर ते कडेला, अर्धवट कापलेले. जातीचा प्रश्नही असाच कडेला उभा असतो. कोणाच्या घरी कोण जेवत असे, याची आठवण ‘आमच्यात तसले काही नव्हते’ या एका वाक्यात आटोपली जाते, तेव्हा ते वाक्य कोण उच्चारतो हे नोंदवणे अत्यावश्यक ठरते. अलेस्सांद्रो पोर्तेली यांनी इटलीतील कामगारांच्या मौखिक इतिहासाचा अभ्यास करताना दाखवून दिले, की सांगणाऱ्यांनी एका कामगाराच्या मृत्यूचे साल व प्रसंग बदलून सांगितले. आणि ही चूक टाकून देण्याजोगी नसून तिच्यातूनच त्या घटनेचा समूहासाठी असलेला अर्थ उलगडतो. वर्तकनगरच्या आठवणींतील सर्वांच्या उघड्या दारांकडेही याच दृष्टीने पाहता येईल. ते पूर्वीच्या वास्तवाचे वर्णन असेल वा नसेल. पण ज्या मनोऱ्यात आज शेजाऱ्याचे आडनाव ठाऊक नसते, त्याच्यावरचे ते भाष्य निश्चित आहे. मात्र असा अन्वय लावण्यासाठी छायाचित्र हाताशी असावे लागते. चित्रात दार बंद असेल, आणि सांगणारा ते उघडे होते म्हणत असेल, तर त्या दोहोंमधील अंतर हाच अभ्यासाचा विषय होय.

७

या कसोट्या लावून उपलब्ध कृतींकडे पाहिले तर काही वाटा स्पष्ट होतात. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचा ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ (२००४) हा ग्रंथ गिरणगावाचा इतिहास तेथील माणसांच्या निवेदनांतून उभा करतो. बोलणाऱ्याचा आवाज हेच त्याचे अधिष्ठान आहे. अहमदाबादच्या बंद पडलेल्या गिरण्यांतील कामगारांवरील यान ब्रेमन आणि पार्थिव शहा यांच्या ‘वर्किंग इन द मिल नो मोअर’मध्ये (२००४) समाजशास्त्रज्ञाचे विवेचन आणि छायाचित्रकाराची नजर एकमेकांस समांतर चालतात. अंजली मोन्तेरो आणि के. पी. जयशंकर यांच्या ‘साचा’ (२००१) या अनुबोधपटात कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या द्वारे मुंबईच्या श्रमिक संस्कृतीचा शोध घेतला आहे. या तिन्ही कृतींनी आपापल्या परीने शब्द आणि प्रतिमा यांचा समतोल साधला. परंतु छायाचित्रातील माणसाने स्वतःच्या चित्राची ओळ स्वतः लिहावी, आणि ती ओळ संपादकाच्या ओळीच्या वर छापली जावी, ही शक्यता अद्याप पुरती आजमावली जायची आहे.

सुधीर पटवर्धन यांचा उल्लेख वर्तकनगरच्या संदर्भात आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून ठाण्यात दीर्घकाळ व्यवसाय केलेल्या या चित्रकाराने ठाणे, उल्हासनगर, लोअर परळ येथील माणसे आणि भूदृश्ये सातत्याने रंगवली. ‘पोखरण’ हे त्यांच्या एका चित्राचे नावच आहे. कॅमेरा एका क्षणाचे दृश्य पकडतो. पटवर्धनांच्या भूदृश्यात अनेक जागांवरून व अनेक वेळी पाहिलेले एकत्र येते, आणि म्हणून ते रहिवाशाच्या स्मृतीच्या अधिक जवळ जाते. छायाचित्राला ही शक्ती स्वतःहून नसते. सांगणाऱ्याच्या शब्दांतून ती त्याला मिळू शकते. कारण तोही एका चित्रासमोर बसून अनेक वर्षांचे एकत्र पाहत असतो.

या सर्वांमागे असलेला प्रश्न केवळ अभिव्यक्तीचा नाही. १९२०च्या दशकात मुंबई विकास विभागाने बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची होती. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ मध्ये भाड्याच्या घरांची योजना आखली, तेव्हा त्या घराचे क्षेत्रफळही मुळात १६० चौरस फूटच धरले गेले. या योजनेतील इमारती वर्तकनगरातही उभ्या राहिल्या. मधल्या जवळपास नव्वद वर्षांत १६० चौरस फुटांत माणसे कशी राहिली याविषयी जे ज्ञान समाजात साठले होते, ते नियोजनाच्या भाषेत पोचलेच नाही, असा याचा अर्थ होतो. आता बीडीडी चाळींच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे येत आहेत आणि वरळीत २०२५ मध्ये पहिल्या कुटुंबांना त्यांचा ताबा मिळाला. ठाण्यात वागळे इस्टेटच्या किसननगर भागात समूह विकास योजनेचे भूमिपूजन २०२३ मध्ये झाले. रेमंडच्या जमिनीवर २०१९ पासून निवासी मनोऱ्यांचे प्रकल्प आले. घर मोठे होणे हे निःसंशय हिताचे आहे, आणि गळक्या छपराखालच्या माणसाला जुन्याच्या जतनाचा उपदेश करण्याचा अधिकार कोणत्याही छायाचित्रकारास किंवा समीक्षकास नाही. तथापि नव्या घराचा नकाशा जेव्हा आखला जातो, तेव्हा जिना कशासाठी वापरला जात होता, गच्ची कोणाची होती, वृद्ध माणूस दिवसभर कोठे बसत असे, ही माहिती असणे आणि नसणे यांत फरक पडतो. ही माहिती अल्बमच्या पार्श्वभूमीत आणि तो चाळणाऱ्या व्यक्तीच्या बोलण्यात आहे.

म्हणून श्रमिक वसाहतीच्या दस्तऐवजीकरणाचे मूल्यमापन करताना चित्रांची संख्या, त्यांची तांत्रिक सफाई किंवा त्यांतून निर्माण होणारी हुरहूर हे निकष गौण मानावेत. चित्रातील माणसाचा चित्रओळीवर अधिकार आहे काय. त्या ओळीत घराच्या अवस्थेबरोबर घराच्या वापराचीही नोंद आहे काय. तिच्यात कडेला कापल्या गेलेल्या माणसांविषयीचा प्रश्न शिल्लक ठेवला आहे काय. आणि चाळीच्या तयार प्रतिमेला बाजूस सारून त्या विशिष्ट वसाहतीची स्वतःची भाषा तिने घडू दिली आहे काय, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. मराठी साहित्याने चाळीला भाषा दिली, झोपडीला दिली. बोर्डाच्या क्रमांकित इमारतीला ती देण्याचे काम उरले आहे, आणि त्यासाठी लागणारा कच्चा मसुदा त्या इमारतींतून बाहेर पडलेल्या माणसांच्या पेट्यांत आहे. या माणसांची पहिली पिढी वयोवृद्ध झाली आहे. छायाचित्रे तिच्यानंतरही टिकतील. त्यांच्या ओळी टिकणार नाहीत.